पसरलेला टूथब्रश कसा वाचायचा आणि कधी टाकायचा

वापरातला ब्रश हातात घ्या, त्याची पाठ डोळ्यांसमोर धरा आणि मागच्या बाजूने सरळ बघा. डोक्याच्या प्लास्टिकच्या कडेबाहेर काहीच दिसत नसेल तर ब्रश धड आहे. कडेबाहेर दोन्हीकडून केस डोकावत असतील तर तो उताराला लागलाय. डोक्याभोवती झालरच दिसत असेल तर आज रात्री तो वापरूच नका. पाच सेकंदांची ही तपासणी आठवड्यातून एकदा केली की ‘ब्रश कधी आणला होता’ हे आठवत बसावं लागत नाही.

तीन महिन्यांनी ब्रश बदला, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनची शिफारस तीन ते चार महिन्यांची आहे, पण तिचा उरलेला अर्धा भाग लोकांच्या लक्षात राहत नाही: केस पसरले किंवा विस्कटले तर त्याआधीच बदला. या दोन अर्ध्यांत दुसरा जास्त महत्त्वाचा. एकाच पाकिटातले दोन ब्रश एकाच दिवशी दोघांनी वापरायला काढले, तर एकाचा महिन्याभरात विस्कटतो आणि दुसऱ्याचा चौथ्या महिन्यातही उभा असतो. कंपनी तीच, केस तेच. फरक हाताचा.

आधी ब्रशची घडण

ब्रशचं डोकं म्हणजे भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी. प्रत्येक भोकात केसांचा एक झुपका बसवलेला असतो. साध्या ब्रशमध्ये असे तीस ते पंचेचाळीस झुपके असतात. झुपका चिकटवलेला असेल असं वाटतं, पण बहुतेक ब्रशांत तसं नसतं. केसांची जुडी मधोमध दुमडायची, दुमडीत धातूची बारीक चपटी पट्टी ठेवायची आणि ती पट्टी केसांसकट भोकात ठोकायची, अशी ती बैठक असते. म्हणजे झुपक्यातल्या प्रत्येक केसाची दोन टोकं वर दिसतात आणि त्याचा मधला भाग खाली धातूने दाबून धरलेला असतो. जुन्या ब्रशचा एक झुपका पकडीने ओढून काढा. इंग्रजी ‘यू’सारखे वाकलेले केस आणि नखाच्या कोपऱ्याएवढा चकचकीत तुकडा बाहेर येतो.

केस बहुधा नायलॉनचे असतात. १९३८ साली ड्यूपॉन्टच्या नायलॉनचे केस लावलेला पहिला ब्रश अमेरिकेत बाजारात आला. त्याआधी रानडुकराचे केस वापरत. ते पोकळ असल्यामुळे ओले राहत आणि लवकर मऊ पडत. आता ब्रशात नायलॉन ६-१२ हा प्रकार जास्त चालतो, कारण तो पाणी कमी पितो: भिजून भिजून वजनाच्या सुमारे ३ टक्के. साधं नायलॉन ६ नऊ टक्क्यांच्या आसपास पितं. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या केसांसाठी पीबीटी नावाचं पॉलिएस्टर वापरतात. ते पाणी जवळजवळ पीतच नाही, पण त्या केसांची टोकं इतकी बारीक असतात की झीज तिथूनच सुरू होते.

पाकिटावरच्या ‘सॉफ्ट’, ‘मीडियम’, ‘हार्ड’मागे मुख्यतः केसाची जाडी असते. सॉफ्टमध्ये साधारण ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर, मीडियममध्ये ०.२०च्या आसपास, हार्डमध्ये त्याहून जास्त. आकड्यांतला फरक किरकोळ दिसतो, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. ०.१५चा केस ०.२०चा झाला की जाडी वाढते एक तृतीयांशाने आणि ताठपणा होतो तिपटीहून अधिक. लांबीचा हिशेब उलटा: केस १० मिलिमीटरऐवजी ११चा केला की ताठपणा जवळपास पाव हिश्श्याने उतरतो. ‘सॉफ्ट लवकर पसरतो, म्हणून मी मीडियम घेतो’ असं म्हणणारे बरेच असतात. मीडियम थोडा जास्त टिकेलही, पण जो दाब सॉफ्टच्या केसांनी वाकून सोसला असता तो आता हिरडी सोसते. ब्रश बदलता येतो, मागे सरकलेली हिरडी आपोआप पुढे येत नाही.

केस पसरतात म्हणजे होतं काय

सोपा हिशेब करून बघा. दिवसातून दोनदा, दर वेळी दोन मिनिटं. सेकंदाला तीन वेळा हात हलतो असं धरलं तर एका वेळी ३६० हालचाली, दिवसाला ७२०, नव्वद दिवसांत ६४,८००. प्रत्येक हालचालीत केस एकदा इकडे वाकतो, एकदा तिकडे. तार हातात धरून वाकवत राहिलं की ती थकते, तसाच हा केसही थकतो.

नायलॉन लवचीक असतं, पण त्यालाही मर्यादा आहे. थोडा वाकवून सोडला तर केस पूर्ण सरळ होतो. जास्त वाकवला, किंवा वाकलेल्या अवस्थेत फार वेळ ठेवला, तर थोडासा बाक उरतो. एकदा उरलेला बाक दिसतही नाही. हजारो वेळा उरला की दिसतो. ओल्या केसात हे लवकर घडतं, कारण नायलॉनमध्ये शिरलेलं पाणी त्याला मऊ करतं. गरम पाण्याने आणखी लवकर. म्हणून रात्रभर न वाळलेला ब्रश सकाळी आधीच थोडा ढिला असतो.

कडेच्या रांगा आधी का जातात? मधल्या झुपक्याला चारही बाजूंनी शेजारी असतात. तो कलला की शेजाऱ्याला टेकतो. कडेच्या झुपक्याला एका बाजूला कोणीच नाही. शिवाय दात सपाट नसतो, फुगीर असतो. ब्रश त्यावर दाबला की केस फुगवट्यावरून दोन्ही बाजूंना घसरतात, म्हणजे बाहेरच्या दिशेनेच. कडेचा झुपका बाहेर कलला की त्याच्या आतल्याला जागा मोकळी होते आणि तोही मागोमाग जातो. पसरण एकदा सुरू झाली की वेग घेते ती यामुळे. सुरुवातीला चार आठवड्यांत जेवढं पसरत नाही तेवढं नंतर आठवड्याभरात पसरतं.

दुसरी झीज टोकाची, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात केस कापल्यावर त्याचं टोक कापलेल्या तारेसारखं धारदार असतं. ते घासून गोल करतात. चांगल्या ब्रशचं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि पाकिटावर ते कळत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर नवा ब्रश आणि तीन महिने चाललेला ब्रश उजेडात शेजारी धरून बघा. नव्याची बरीचशी टोकं घुमटासारखी दिसतात. जुन्याची काही तिरपी घासलेली, काही चपटी, काहींना बारीक पापुद्रा सुटलेला. पेस्टमध्ये घासणारी पूड असते. ती दातावरचा थर काढते तशी केसांची टोकंही खाते. दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्टने हे काम लवकर उरकतं.

पसरलेल्या ब्रशचं नुकसान असं की केस असतात, पण हवे तिथे पोचत नाहीत. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर आणि दोन दातांमधल्या खाचेत प्लाकचा, म्हणजे जंतूंचा चिकट थर बसतो. तिथे केसाचं टोक उभं शिरायला हवं. बाहेर कललेला केस तिथे आडवा पडतो आणि वरून घसरतो. घासल्याचं समाधान मिळतं, फेसही होतो, आणि रेषेवरचा थर तिथेच राहतो. उलट बाजूला गेलेले केस हिरडीला आणि गालाच्या आतल्या कातडीला टोचत राहतात. थोडीशी पसरण झाली म्हणून ब्रश लगेच निकामी होत नाही, हेही खरं. साफसफाईत घट पडते ती मुख्यतः ब्रश चांगलाच विस्कटल्यावर.

चार पायऱ्या

पाठीमागून बघण्याच्या तपासणीला थोडं नेमकं करायचं असेल तर या पायऱ्या वापरा. दंतवैद्यकातल्या अभ्यासांतही ब्रशची झीज अशाच क्रमाने मोजतात.

शून्य: वापरलाय की नाही हे सांगता येत नाही.
एक: काही झुपक्यांतले केस एकमेकांपासून सुटलेत, पण झुपके आपापल्या जागी.
दोन: बरेचसे झुपके सुटलेत, शेजारच्यावर आडवे पडायला लागलेत, कडेचे बाहेर झुकलेत.
तीन: कुठला झुपका कुठला हे ओळखू येत नाही, केस वाकलेत, डोक्याभोवती झालर.

दोनवर आला की बदलायचा. तीनपर्यंत थांबायचं कारण नाही. शंका वाटली तर पट्टीने मोजा: केसांच्या बुडाशी रुंदी किती आणि टोकांशी किती. बुडाशी १० मिलिमीटर आणि टोकांशी १४ म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटरची पसरण. दहा मिलिमीटर लांब केसाला एवढी पसरण पुरे झाली. मोजताना ब्रश वाळलेला असू द्या. ओले केस एकमेकांना चिकटून खऱ्याहून नीटनेटके दिसतात, आणि सकाळी घाईत ओल्या ब्रशकडे बघून ‘अजून चालेल’ म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

काही ब्रशांत मधले झुपके निळे असतात आणि वापरासोबत तो रंग फिका पडत जातो. रंग अर्ध्यावर उतरला की बदला, अशी ती खूण. खूण उपयोगी आहे, पण ती पाण्याचा आणि घासण्याचा हिशेब ठेवते, वाकण्याचा नाही. जोरात घासणाऱ्याचे केस रंग उतरण्याच्या आधीच पसरतात. रंग आणि पसरण यांत आधी जे येईल ते धरायचं.

पसरण कुठे आहे त्यावरून काय कळतं

जुना ब्रश फेकण्याआधी एक मिनिट बघून घ्या. आपला हात तोंडात काय करतो ते आपल्याला दिसत नाही, ब्रशवर मात्र ते उमटलेलं असतं.

चारही बाजूंनी सारखा फुललेला ब्रश, तोही महिना-दीड महिन्यात, म्हणजे दाब जास्त. यात दुसरं कारण शोधत बसू नका.

फक्त शेंड्याकडचे झुपके गेलेत आणि मागचे ठीक आहेत, असं असेल तर बघा: मागच्या दाढेपर्यंत पोचायला शेंडा कोंबला जातोय का? पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरून जोर लावला जातोय का? उभा धरणं बरोबर आहे, जोर नाही. तिथे फक्त शेंड्याचे आठ-दहा झुपकेच टेकतात, त्यामुळे तेवढ्याच जोराने प्रत्येक झुपक्यावर कितीतरी जास्त भार येतो. डोकं मोठं असल्यानेही कोंबाकोंबी होते. अशांनी पुढच्या वेळी लहान डोक्याचा ब्रश घ्यावा.

लांबीच्या एकाच कडेला पसरण हा सगळ्यात बोलका नमुना. वरचे दात घासताना ब्रशची वरची कड हिरडीकडे असते, खालचे घासताना खालची. डावीकडून उजवीकडे जाताना, बाहेरून आत जाताना ब्रश मनगटात उलटतो आणि कडांची अदलाबदल होते. पूर्ण तोंड सारखं घासलं तर दोन्ही कडांना साधारण सारखाच भार पडायला हवा. एकच कड झिजली याचा अर्थ काही जागी जास्त जोर लागतोय, किंवा काही जागा सुटतायत, बहुधा दोन्ही. उजव्या हाताने घासणाऱ्यांची उजवीकडची जागा आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू बऱ्याचदा सुटते.

मधलेच एक-दोन झुपके वाकडेतिकडे, काही केस तुटलेले, बाकी ब्रश चांगला: केस कशात तरी अडकतायत. सुटलेल्या फिलिंगची कड, कॅपची धार, साचलेला टार्टर (दातावर कडक झालेला प्लाकचा थर), तुटलेल्या दाताचा कोपरा. नवा ब्रश आणून पुन्हा तेच झालं तर दंतवैद्याकडे जाताना तो ब्रश सोबत न्या. दातांना तारा बसवलेल्यांचा ब्रश मात्र असा फाटणारच. त्यांनी तीन महिन्यांचं गणित सोडून द्यावं आणि दर आठवड्याला बघावं. महिन्या-दोन महिन्यांत बदलावा लागला तर त्यात वावगं काही नाही.

केस चघळल्यासारखे, कुठल्याही दिशेला वळलेले दिसतात तेव्हा ब्रश खरोखरच चघळला गेलेला असतो. ही फक्त लहान मुलांची खोड नाही. ब्रश दातात धरून शर्टाची बटणं लावणं, फोन बघणं, दार उघडायला जाणं हे मोठ्यांचंच काम.

आणि सगळे केस बुडापासून एकाच दिशेला झुकलेले असतील तर तोंडाचा दोष नाही. ब्रश पेल्यात उलटा ठेवला जातोय, कपाटाच्या दाराला टेकतोय, किंवा प्रवासाच्या डबीत कोंबला जातोय.

एक नमुना लोक शाबासकीसारखा सांगतात: सहा महिने झाले, ब्रश अजून नव्यासारखा! हात हलका असेल तर उत्तमच. पण घड्याळ लावून बघा. चाळीस सेकंदांत आटोपणाऱ्याचा ब्रशही असाच टिकतो. शिवाय केस उभे असले तरी टोकांची गोलाई सहा महिने टिकत नाही, आणि बुडाशी पेस्टचा थर साचलेला असतो. चार महिन्यांनंतर तो बदलाच.

दाब मोजायचा आणि उतरवायचा

‘हलक्या हाताने घासा’ या सल्ल्याने काही होत नाही, कारण प्रत्येकाला आपला हात हलकाच वाटतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या.

काट्यावर उपडी ताटली ठेवून आकडा शून्य करा. ब्रश ओला करा, नेहमीसारखा धरा आणि ताटलीच्या पाठीवर दात घासतो तसा पुढे-मागे हलवा. आकड्याकडे स्वतः बघू नका, दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. बघत घासलं की हात आपोआप सभ्य होतो. दहा सेकंदांत आकडा बहुतेक वेळ कुठे राहतो ते लिहून ठेवा. १५० ते २०० ग्रॅम पुरे. ४००च्या वर जात असेल तर ब्रश महिन्यात का फुलतो याचं उत्तर मिळालं.

आता काट्याकडे बघून १५०वर आणा आणि केसांकडे बघा. फक्त टोकं किंचित वाकलेली दिसतील. मग ४०० करा: केस अर्ध्यातून आडवे होतात आणि ताटलीला टोकं नाही, केसांच्या बाजू घासतात. जास्त जोराने जास्त स्वच्छ का होत नाही, हे इथे डोळ्यांना दिसतं. १५०ची जाणीव हातात बसेपर्यंत तीन-चार दिवस रोज अर्धा मिनिट हे करा. तोंडातला कोन आणि काट्यावरचा कोन एक नसतो, म्हणून आकड्याला पवित्र मानू नका. हाताला वजनाची ओळख व्हावी एवढाच त्याचा उपयोग.

पकड बदलली की निम्मं काम होतं. मुठीत धरलेल्या ब्रशमागे कोपर आणि खांदा लागतो. पेनसारखा बोटांत धरलेल्या ब्रशमागे फक्त मनगट. केसांची टोकं हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांच्या कोनात टेकवा, जागच्या जागी दाताच्या रुंदीएवढे बारीक हेलकावे द्या, दहा-पंधरा झाले की पुढच्या दोन दातांवर सरका. लांबच लांब करवतीसारखे फटकारे मारले की दर फटकाऱ्याला केस दाताच्या फुगवट्यावरून आदळत जातात. त्यात ब्रशही जातो आणि दातांच्या मुळाशी खाचाही पडतात. नवा ब्रश पहिल्या दिवशी ताठ वाटला तर वापरण्याआधी मिनिटभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा.

धुणं, वाळवणं, ठेवणं

घासून झालं की नळाच्या धारेखाली केस अंगठ्याने एका बाजूला कलते करून बुडाशी पाणी जाऊ द्या, मग दुसऱ्या बाजूला. नुसतं वरून पाणी मारलं की झुपक्यांच्या मधली पेस्ट तशीच राहते, वाळून घट्ट होते, ओल धरते आणि झुपक्यांना एकमेकांपासून रेटते. बुडाशी पांढरट-करडा थर दिसतो तो हाच. दहा-पंधरा सेकंद पुरतात. मग बेसिनच्या कडेवर दोन-तीनदा दांडी आपटून पाणी झटका. केस टॉवेलवर दाबून पुसू नका, तेही वाकवणंच झालं.

ब्रश डोकं वर करून उभा, उघड्या हवेत, दुसऱ्याच्या ब्रशला न चिकटता ठेवा. ओल्या ब्रशवर टोपी घालू नका. टोपी स्वच्छतेची वाटते, पण आत वाफ कोंडते, केस ओले राहतात आणि जंतूंना तेच हवं असतं. प्रवासात टोपी लागली तर भोकांची घ्या आणि मुक्कामी पोचताच काढा. दमट हवेत बारा तासांत ब्रश वाळत नसेल तर दोन ब्रश ठेवा, एक सकाळचा, एक रात्रीचा. बचत होत नाही, पण प्रत्येक वेळी कोरडा, ताठ ब्रश हातात येतो. बांबूच्या दांडीचा ब्रश पेल्यात साचलेल्या पाण्यात उभा ठेवू नका. दांडी खालून काळी पडते. (त्याचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, त्यामुळे पसरण्याचे नियम तेच.)

उकळत्या पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात ब्रश टाकून ‘निर्जंतुक’ करण्याच्या भानगडीत पडू नका. उष्णतेने केस नरम होतात आणि त्या क्षणी ज्या आकारात असतात तोच आकार पकडतात. मायक्रोवेव्हमध्ये तर झुपक्यांखाली धातू आहे हे विसरायचं नाही. गरम पाण्यात बुडवून पसरलेले केस सरळ करण्याची युक्ती सांगितली जाते. केस थोडे सरळ होतात हे खरं, पण थकलेला केस थकलेलाच राहतो, टोकं परत गोल होत नाहीत, आणि चार दिवसांत ब्रश पुन्हा तिथेच येतो. बाहेर आलेले केस कात्रीने छाटणं त्याहून वाईट: कारखान्याने घासून काढलेली धार परत आणून ती हिरडीवर चालवण्यासारखं.

इलेक्ट्रिक ब्रश

इथे बदलायचं ते फक्त डोकं, आणि मुदत तीच, तीन महिने. वाकवण्याचं काम मोटर करते, त्यामुळे हाताने फक्त दातावर टेकवायचं आणि सावकाश पुढे न्यायचं. जुन्या सवयीने हातही घासत राहिला की दुप्पट वाकवणूक होते. गोल डोक्याचे कडेचे केस महिन्यात बाहेर वळले तर कारण हेच. दाबाचा दिवा असलेला ब्रश असेल तर दिवा लागतो तेव्हा हात मागे घ्या. मोटरचा आवाज जड होणं ही दिव्याशिवायची खूण.

आठवड्यातून एकदा डोकं दांडीवरून काढून दोन्ही भाग वेगवेगळे धुवा. जोडाच्या आत पेस्ट, लाळ आणि पाणी यांचा काळा-गुलाबी चिकटा साचतो, तो पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्काच बसतो. वाळल्यावर जोडा. डोकं सैल बसायला लागलं, खडखड वाजलं किंवा हलताना अडखळलं, तर केस चांगले असले तरी ते बदला.

तारीख आणि निरोप

नवा ब्रश काढला त्या दिवशी दांडीच्या बुडाशी न पुसणाऱ्या मार्करने महिना लिहा. पसरण दोनच्या पायरीला आली की खाली दुसरा महिना लिहा आणि मग काढून टाका. दोन-तीन ब्रशांत आपला वेग कळतो. दर वेळी पाच आठवडे येत असतील तर ब्रशची कंपनी बदलू नका, काटा पुन्हा बाहेर काढा. वेग अचानक वाढला, म्हणजे तीन महिने जाणारा ब्रश एकाएकी महिन्यात गेला, तर मध्ये काय बदललं ते आठवा: नवी कॅप, नवी पेस्ट, ठेवायची जागा, की दुसरं कोणी तोच ब्रश वापरतंय.

एक झुपका जरी सुटून आला, डोक्याला तडा गेला किंवा मानेशी प्लास्टिक पांढरं पडलं, तर तारीख न बघता टाका. सुटलेल्या झुपक्यासोबत धातूची ती पट्टी तोंडात येऊ शकते. ताप-सर्दीनंतर निरोगी माणसाने ब्रश बदललाच पाहिजे असं नाही, नीट धुऊन वाळवला तरी चालतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दांडी, रबराची पकड, केस आणि धातू असे चार प्रकार एकत्र असल्याने जुना ब्रश सहसा पुनर्वापराच्या कचऱ्यात चालत नाही. नळाच्या बुडाशी, फरशीच्या सांध्यांत, सायकलच्या चेनवर तो आणखी वर्षभर काम देतो. मात्र त्या कामाला लावण्याआधी दांडीचं टोक कापून टाका किंवा मानेला रबर बांधा, म्हणजे झोपेत डोळे चोळत बेसिनपाशी आलेल्या कुणाच्या हातात तो चुकून जाणार नाही.